हळुवार झालेली करवत

ती. वन्संना,

आधी आली ती ड्रमवाली. मला वाटलं होतं आधी लांब्या येईल, तो गाणारा, कारण पुढे पुढे करण्याची सवय त्याला. पण दार उघडलं तर हीच उभी. कानावर केस कापलेले, हातात केळ्यांची फणी, आणि चेहरा असा की आत्ताच कोणाच्या खिडकीची काच फोडून आलीय. तिच्यामागे जाड तारांची गिटार वाजवणारा, ज्याला मी मौनीबुवा म्हणते (इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून मी एक शिंक तेवढी ऐकली आहे, तीही भिंतीपलीकडून). सगळ्यांत शेवटी लांब्या. तो आमच्या दाराच्या चौकटीला डोकं आपटून आत आला आणि चौकटीलाच सॉरी म्हणाला. अशी सगळी मंडळी मंगळवारी भर दुपारी माझ्या स्वयंपाकघरात, आणि मी हातात लाटणं घेऊन उभी.

नमस्कार राहिलाच. तर वन्सं, नमस्कार. वाकून करणार होते, पण वाकले की उठवायला सूनबाई लागते आणि ती कामावर गेली आहे, तेव्हा हा उभ्यानंच समजा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, आता मुंगीच्या मिशासुद्धा दिसतात, असं कळलं. फार बरं वाटलं. म्हणूनच हे पत्र लांबलचक लिहायचं धाडस करतेय. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊकच आहे. तिसरीच्या पुढे शाळेनं मला बोलावलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही. तुम्ही मुख्याध्यापिका, तुमचा हात आपोआप लाल पेनाकडे जाईल, तो जरा आवरा. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही माझं बोलणं मधेच तोडता. पत्रात ते जमत नाही. खोकला कसा आहे? रात्रीचं दही बंद केलंत का? केलं नसेल तर करा, आणि केलं असेल तर मी सांगितलं म्हणून केलं असं मला समजू द्या.

आता ही मंडळी कोण ते नीट सांगते, म्हणजे तुम्ही भलत्याच कोणावर रागवायला नको. तुमच्या भावाचं मोटरी दुरुस्तीचं वर्कशॉप आठवतं ना, माझ्या स्वयंपाकघराला लागून, मधे एका विटेची भिंत? तुमचा भाऊ गेला आणि ती खोली बंद झाली. सगळे म्हणाले, आता तुम्हाला जरा शांतता मिळेल. मिळाली की. उभा जन्म ज्या भिंतीपलीकडून ठाकठूक, घरघर आणि पाना सापडत नाही म्हणून पान्यालाच दिलेल्या शिव्या ऐकू यायच्या, ती भिंत एकदम मुकी झाली तर माणसाला भाजीत मीठ घातलं की नाही तेसुद्धा आठवत नाही. मी दोनदा घालायचे. (चिरंजीव बोलायचे काही नाहीत, नुसते तांब्याभर पाणी प्यायचे. तेवढा गुण त्यांनी बापाचा घेतलाय.) मग चिरंजीवांनी ती खोली 'करवत' नावाच्या रॉक बँडला सरावासाठी भाड्यानं दिली. त्यांना वाटलं, नावावरून सुतारकामाची मुलं असतील. पहिल्या दिवशी मंडळींनी वाजवायला सुरुवात केली आणि फळीवरची चहाची बरणी चालत चालत कडेपर्यंत आली. चिरंजीव कानांत बोटं घालून बाहेर पळाले. मी बरणी मागे सारली आणि ओट्याला टेकून उभी राहिले. त्या दिवशी माझी भाजी बरोबर झाली.

मागच्या खेपेला तुम्ही आला होतात तेव्हा गल्लीत जाऊन नुसत्या उभ्या राहिलात आणि पलीकडचं वाजणं चट्‌कन थांबलं. काही बोलावंसुद्धा लागलं नाही तुम्हाला. मग आत येऊन तुम्ही 'गोंगाट' म्हणालात, आणि मी मान हलवली. वन्सं, ती मान मी आज परत घेते. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्यापुढे मानच हलवत आलेय; त्यातली एवढी एकच परत मागतेय, तेव्हा राग मानू नये. मानलात तरी मी काही ती पुन्हा द्यायची नाही.

तर त्यांचा पहिला आल्बम 'ठिणगी' आणि दुसरा 'गंज', हे दोन्ही मला तोंडपाठ आहेत. हसू नका. सूनबाईनं फोनमध्ये घालून दिलेत, कपड्यांच्या घड्या घालताना मी लावते. 'ठिणगी'त एक गाणं आहे, त्यात खिडकीपुढे माणसांची रांग उभी असते आणि आतला कारकून जेवायला गेलेला असतो. बस्स, एवढीच गोष्ट. पण ड्रमवाली असं काही बडवते की तो कारकून माझ्यापुढे असता तर मी त्याचा डबा खिडकीतून ओढून घेतला असता. दुसरं गाणं गळक्या नळाचं. सुरुवातीला नुसतं टिप, टिप. घरातली माणसं म्हणतात, उद्या बघू. मग पाइपच फुटतो, आणि लांब्या असा ओरडतो की ऐकणाऱ्यानं पदर खोचावा. आता तुम्ही म्हणाल हे काय गाणं झालं. वन्सं, आजवर ऐकलेल्या गाण्यांतून मला चंद्राची माहिती भरपूर मिळाली. नळाची कोणी दिली नाही. चंद्र माझ्या घरात कधी गळला नाही.

आणि मग ते गाणं, जे कुठल्या आल्बममध्ये नव्हतं, भिंतीपलीकडे तयार होत होतं. त्यात लांब्या एकच शब्द म्हणतो, 'नाही'. आधी आपल्याशीच म्हटल्यासारखा. मग जरा मोठ्यानं. मग मौनीबुवाच्या जाड तारा खालून घुमायला लागतात, डब्यांची झाकणं आपोआप वाजतात, ड्रमवाली सुटते, आणि लांब्या बेंबीच्या देठापासून म्हणतो, नाही, नाही, नाही. कशाला नाही ते सांगतच नाही. तेच मला आवडलं. जो तो आपापलं घालून घेईल. मी सून झाले, आई झाले, सासू झाले, आणि ह्या सगळ्या बढत्यांमध्ये मला 'हो', 'चालेल', 'बघते' आणि 'राहू दे, मी करते' एवढंच बोलायला मिळालं. आणि इथे विटेपलीकडे एक लांबडा मुलगा माझ्या वाटचं सगळं म्हणून टाकतोय. मला इतकं हलकं वाटायचं की मी लाटणं घेऊन भिंतीवर ठोकत सुटायचे.

ह्या ठोकण्याचं मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही म्हणाला असता, ही काय बोलण्याची रीत आहे. तुमच्या भावाला यंत्राच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही. मग आमचं ठरलं होतं. लाटणं एकदा ठोकलं की चहा झाला. दोनदा ठोकलं की जेवण. आणि नुसतंच ठोकत राहिलं की झकास चाललंय, चालू द्या, मी आहे इकडे. मग तिकडून तेही हातोडीनं उत्तर द्यायचे. आमचं निम्मं बोलणं त्या भिंतीतून झालं, आणि समोरासमोरच्या बोलण्यापेक्षा त्यात भांडणं कमी झाली. तर माझ्या भिंतीची ही भाषा. ती मी ह्या मुलांशीही बोलत होते. मी ठोकलं की पलीकडे जरा शांत व्हायचं. मला वाटायचं, वा, मोठ्यांचा मान ठेवून थांबतात. मग तोच तुकडा पुन्हा जरा हळू वाजवायचे. मला वाटायचं दमली असतील पोरं. त्यांना उभारी यावी म्हणून मी आणखी जोरात ठोकायचे. मग ते आणखी हळू. कधी कधी दुसऱ्या दिवशी मागच्या खिडकीत केळी ठेवलेली असायची. मी म्हणायचे, काय वळण आहे बघा, नाहीतर आपले चिरंजीव, एक केळं कधी हातावर ठेवलं नाही.

आणि मग आला हा नवा आल्बम. नाव 'हळुवार'. 'करवत' नावाच्या मंडळींनी 'हळुवार' नावाचा आल्बम काढायचा म्हणजे खाटकानं दुकानात फुलदाण्या मांडण्यासारखं झालं. पहिल्या गाण्यात बासरी. दुसऱ्यात पाण्याचा आवाज (तो ऐकून मी दोनदा उठून मोरीतला नळ बघून आले, आणि नळ बिचारा बंद होता). तिसऱ्यात लांब्या असा गातो की जणू शेजारच्या खोलीत कोणीतरी आजारी माणूस नुकताच डोळा लागून झोपलाय. मौनीबुवाच्या तारा कुठे गेल्या ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि ड्रमवाली? तिला आख्ख्या आल्बमभर काम काय, तर एका गाण्यात डबीत चार तांदळाचे दाणे घालून ती डबी हलवते. एवढी दांडगी पोर, तिच्या हातात डबी. बुलडोझरला रांगोळीला बसवल्यासारखं. आणि माझ्या त्या 'नाही'चं काय झालं असेल? ते आहे सहावं गाणं. त्याचं नाव आता 'कदाचित'.

मी ते ऐकलं आणि फोन उशीखाली दाबून ठेवला. पण बाहेर बघावं तर जिकडेतिकडे कौतुक. समोरचा शिंपी म्हणाला, आता कुठे सुईत दोरा घालता येतो. चिरंजीव म्हणाले, ह्याला म्हणतात प्रगती, आता संगीत वाटतंय. सूनबाई तर म्हणाली, आई, हा आल्बम अगदी तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. (तिला काय माहीत ती किती खरं बोलत होती. पुढे कळेल.) मला इतका राग आला. म्हातारं माणूस दिसलं की जो तो काहीतरी मऊ पुढे करतो. मऊ उशी, मऊ बिस्किट, मऊ आवाज, आणि आता मऊ गाणी. माझे दात गेलेत, कबूल आहे. पण कानानं चावायचं नसतं ना.

ह्यात आणखी एक गाठ आहे ती लक्षात ठेवा. चिरंजीवांना ती खोली एका दातांच्या डॉक्टरला द्यायची आहे. भला माणूस, शांत धंदा, दारावर पितळी पाटी, म्हणे. बँडवाले हळू झाले म्हणून चिरंजीव थांबले होते. त्यांनी मला साफ बजावलं होतं की असेच गुळगुळीत वाजवणार असतील तर राहू देत, पण पुन्हा एकदा जरी ती चहाची बरणी हलली, तर खोली डॉक्टरची. म्हणजे माझी पंचाईत बघा. मंडळी हळू वाजवतील तर राहतील, आणि राहून मला त्यांचा काही उपयोग नाही. मोठ्यानं वाजवतील तर जातील, आणि भिंत पुन्हा मुकी. धरलं तर चावतं न् सोडलं तर पळतं.

आता मंगळवारवर येते. मंडळी बसली. ड्रमवालीनं ओट्यावर केळी ठेवली. लांब्यानं खिशातून 'हळुवार'ची सीडी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. आतल्या कागदावर काहीतरी छापलेलं होतं, ते मी बोट ठेवून वाचलं: 'भिंतीपलीकडच्या आजींना, ज्यांनी आम्हाला हळू व्हायला शिकवलं.' मी म्हटलं ह्यांच्या बँडच्या मागे दुसरीकडेही कोणी भिंत आणि आजी असेल. लांब्या म्हणाला, "आजी, आता त्रास होत नाही ना? खरंखरं सांगा, कसा वाटला?"

वन्सं, मला ठाऊक होतं काय म्हणायचं. 'छान' म्हणायचं, चहा द्यायचा, चिरंजीव खूश, खोली शाबूत. तोंड उघडलं तेही 'छान' म्हणायलाच. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"गिळगिळीत," मी म्हटलं.

मौनीबुवानं तोंडाशी नेलेलं बिस्किट परत बशीत ठेवलं. लांब्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं हा बसल्या बसल्या अर्धा फूट कमी झाला. आणि ड्रमवाली हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती म्हणाली, "सांगत होते की नाही? मी सांगत होते की नाही ह्यांना?" एकदा बांध फुटल्यावर मी कशाला थांबतेय. मी बासरीचं काढलं, पाण्याचं काढलं, तांदळाच्या डबीचं काढलं, आणि शेवटी 'कदाचित'वर आले. म्हटलं, अरे, कदाचित हा काय ओरडायचा शब्द आहे? कदाचित म्हणतात ते पाऊस येईल का विचारल्यावर. नळाला पाणी आलं नाही तर तू कदाचित म्हणतोस काय रे घोड्या?

तेव्हा लांब्या जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला, "पण आजी, आम्ही हे सगळं तुमच्यामुळेच बदललं ना. तुम्हीच तर भिंत ठोकायचात."

मग एकेक सगळं उलगडलं. ही मंडळी आधी जिथे जिथे सराव करायची तिथे शेजारचे भिंत ठोकायचे, आणि ठोकणं म्हणजे 'बंद करा'. दोन खोल्यांतून ह्यांना तसंच हाकललं होतं. त्यामुळे इथे मी ठोकलं की ह्यांना वाटायचं, आता हीही खोली गेली. आवाज कमी करायचे. मी पुन्हा ठोकलं की तो तुकडाच गाण्यातून काढून टाकायचे. त्यांच्यात म्हणे शब्दच पडला होता, 'आजी लागली'. इथे आजी लागली, हे काढा. तिथे आजी लागली, तिथे बासरी घाला. आणि मी ठोकत होते ते नेमकं मला आवडेल तिथे. म्हणजे जे जे म्हणून मला आवडलं ते ते निवडून निवडून फेकून दिलं, आणि चाळणीत जो कोंडा उरला त्याचा आल्बम केला. आणि वर तो मलाच अर्पण केला. ती केळीसुद्धा कौतुकाची नव्हती वन्सं, माफीची होती. एवढे दिवस मी लोकांची माफी सोलून खात होते.

तुम्ही आता चष्मा सरसावून विचाराल की ह्यात चूक कोणाची. माझी नाही. भिंत माझी, लाटणं माझं, आणि भाषा ह्या घरातली. दुसऱ्याच्या घराशेजारी राहायचं तर तिथली भाषा विचारून घ्यावी. एकदा जरी दार वाजवून 'आजी, तुम्हाला काय म्हणायचंय' असं विचारलं असतं तर हा आल्बम जन्मालाच आला नसता. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. लांब्या म्हणाला, "आम्हाला तुमची भीती वाटायची." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आजवर मला कोणी घाबरलं नव्हतं, मांजरसुद्धा नाही.

पण लांब्या काही लगेच वळला नाही. तो म्हणाला, जुने ऐकणारे तुटले हे खरं, पण नवीन लोक येतायत, 'हळुवार' सगळ्यांना आवडतोय, आणि पुन्हा मोठ्यानं वाजवलं तर तुमचा मुलगा खोली काढून घेईल, मग जायचं कुठे? ड्रमवाली म्हणाली, मग मी माझ्या मावशीच्या फरशांच्या दुकानात बसते, तिथे डबी तरी हलवावी लागणार नाही. दोघांची जुंपली. मौनीबुवा नेहमीप्रमाणे बशीकडे बघत बसलेले. आणि त्याच वेळी दारात चपला वाजल्या. चिरंजीव ऑफिसातून लवकर आले होते, आणि त्यांच्यामागे दातांचे डॉक्टर, खोली बघायला. (एवढ्यात सूनबाईही सकाळची पाळी संपवून आली. एका स्वयंपाकघरात सात माणसं. लांब्या दोन धरला तर आठ.)

डॉक्टर मनुष्य वाईट नाही, खोटं कशाला सांगू. गोरेगोमटे, हसतमुख, हात नुकतेच धुतल्यासारखे. त्यांनी ओट्यावरची सीडी बघितली आणि एकदम खुलले. "अरे, हे तुम्ही का? माझ्या दवाखान्यात दिवसभर हेच लावतो मी." लांब्याची मान जरा ताठ झाली. डॉक्टर पुढे म्हणाले, "फार उपयोगी आहे. घाबरलेला पेशंट तिसऱ्या गाण्यापर्यंत पेंगायला लागतो. सहाव्या गाण्याला तर परवा एक जण तोंड उघडं ठेवून घोरला, मला दाढ काढायला फार सोपं गेलं." असं म्हणून त्यांनी लांब्याचा हात हातात घेऊन मनापासून हलवला.

सहावं गाणं, वन्सं. माझं 'नाही'.

लांब्यानं आपला हात सोडवून घेतला. आणि मग मौनीबुवा उठले. बिस्किटाचे कण झटकले. आणि बोलले. "चला," म्हणाले. एवढंच, पण असा खर्जातला आवाज की त्यांनी आजवर तो जपून ठेवला होता ते बरंच केलं. तिघं एकामागून एक बाहेर पडले, लांब्याचं डोकं पुन्हा चौकटीला लागलं, ह्या वेळी तो सॉरी म्हणाला नाही. थोड्याच वेळात भिंतीपलीकडे तारा जुळवल्याचा आवाज आला.

मी लाटणं घेऊन भिंतीशी गेले. पलीकडे 'नाही' सुरू झालं, आधी बारीक, आपल्याशीच. मग वाढलं. मला राहवेना, मी ठोकलं. आणि सवयीनं मेले पुन्हा हळू झाले. मी आणखी ठोकलं. आणखी हळू झाले. तेव्हा मला पलीकडून ड्रमवालीचा आवाज ऐकू आला, "अरे वाढवा, आजी लागलीय." आणि जे काही सुटलं, ते मी तुम्हाला लिहून कसं दाखवू. डब्यांची झाकणं उडाली. खिडकीची तावदानं दातांसारखी वाजली. डॉक्टरांनी आपलाच जबडा हातानं धरला. चहाची बरणी फळीवरून चालत निघाली, कडेला पोचली, चिरंजीव "आई, बरणी, बरणी" म्हणत धावले, आणि बरणी त्यांच्या पायाशी फुटली. मी ठोकायची थांबले. तर सूनबाई, जिला मी आजवर फक्त 'बरं' म्हणताना ऐकलं होतं, ती झाडू घेऊन आली आणि म्हणाली, "काचा मी उचलते आई, तुम्ही ठोका."

मी ठोकलं. लांब्या म्हणत होता तेवढ्या वेळा ठोकलं. मधे मधे तोंडानंही म्हटलं असेन, मला नक्की आठवत नाही, डॉक्टरांना आठवत असेल.

संपल्यावर डॉक्टरांनी जबड्यावरचा हात काढला. मग म्हणाले, ही मंडळी गेल्यावर खोली मला चालेल, आणि नमस्कार करून गेले. चिरंजीव म्हणाले, "आई, तू कोणाच्या बाजूनं आहेस?" मी म्हटलं, भिंतीच्या. तुझ्या जन्माआधीपासून माझं तिच्याशी बोलणं आहे. त्यावर ते म्हणाले, महिनाअखेर खोली रिकामी झाली पाहिजे, मी रविवारी फोन करून सगळं पक्कं करतो. आणि जेवायला बसले. भाजी चांगली झालीय असं दोनदा म्हणाले आणि दोनदाच वाढून घेतली, त्यावर मी त्यांच्या तोंडावर हसले नाही, पण तुम्हाला कळवते.

बाकी सर्व क्षेम. तुमच्या घरात थोर आता तुम्हीच, म्हणून सगळा नमस्कार एकट्या तुम्हालाच घ्यावा लागेल. आशीर्वाद द्यायला तुमच्याहून लहान मीच उरले, तोही इकडेच पाठवून द्या.

तुमची वहिनी

ता. क. चिरंजीव रविवारी फोन करणार आहेत तो तुम्हालाच. मामंजींनी ती खोली तुमच्या नावावर केली होती हे आपण दोघी विसरल्यासारखं वागत होतो, पण ते विसरलेले नाहीत. फार गोड बोलतील. आत्या, तुमच्या प्रकृतीला कसं आहे, इथपासून सुरुवात होईल, आणि मग डॉक्टरला खोली द्यायला तुमची संमती मागतील. देऊ नका. मी सांगितलं असं म्हणू नका, स्वतःचं म्हणून सांगा; तुम्ही सांगितलेलं ते ऐकतात, माझ्या बाबतीत ती सोय नाही. आणि गोंगाटाचा विचार कराल म्हणून सांगते. तुम्ही येता तेव्हा तुमचा पलंग जिथे असतो, ती भिंतही त्याच खोलीची आहे. बँड निदान गाणं म्हणतो. डॉक्टरचं यंत्र सकाळी उघडल्यापासून एकच सूर लावणार, आणि मधून मधून लोक किंचाळणार, तेही बेसूर.

ता. क. पत्राबरोबर 'हळुवार'ची सीडी पाठवतेय. तुम्हाला ती फार आवडेल. माझं म्हणणं तेच आहे.

ता. क. एक सांगायचं राहिलं. मंडळींना धीर यावा म्हणून मी त्यांना सांगून टाकलंय की तुमची संमती आधीच आली आहे. इतकंच नाही, तर 'वाजवा म्हणावं पोरांना' असा तुमचा निरोपही दिला. तुम्ही म्हणजे गल्लीत उभ्या राहिलेल्या त्याच बाई हे ऐकून लांब्या जागच्या जागी बसला. आता त्यांना ते गाणं आहे तसं, माझ्या लाटण्यासकट, नव्यानं रेकॉर्ड करायचंय, आणि त्या वेळी तुम्ही हजर असाव्यात असा तिघांचाही आग्रह आहे. तेव्हा येताना जाड शाल आणा, इथे हवा गार आहे. मंडळी येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी रेकॉर्डिंगला यायचं कबूल करून गेली आहेत.